विष्णुपुरीची ५१६ छायाचित्रे

धर्माबादहून नांदेडकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत दोन प्रकारचे प्रवासी हमखास आढळतात. एक, खांद्याला दप्तर अडकवून शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी. दुसरा, जुन्या तपासण्यांच्या कागदांची पिशवी हातात धरून दवाखान्यास निघालेला रुग्ण. तेलंगणाच्या सीमेला टेकलेल्या या तालुक्याच्या गावाला उच्च शिक्षण आणि तज्ज्ञ वैद्यक या दोहोंसाठी रेल्वेचाच आधार घ्यावा लागतो. मनमाडपर्यंत धावणाऱ्या मराठवाडा एक्स्प्रेसचा आरंभच धर्माबादहून होतो, एवढेच काय ते समाधान. उमरी, मुदखेड मागे टाकून गाडी नांदेडला पोचली की या दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. आपला एकमेकांशी काही संबंध असेल, अशी शंकाही दोघांपैकी कोणाच्या मनाला शिवत नाही. परंतु तसा संबंध आहे. नांदेडनजीक विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत गेल्या दशकात झालेल्या एका कामाने तो जुळवला आहे, आणि त्या कामाची जितकी ओळख परदेशांतील प्रयोगशाळांना आहे तितकी खुद्द मराठवाड्याला नाही.

त्या रुग्णाची व्यथा आधी समजून घेणे अगत्याचे आहे. धर्माबादचा मोंढा लाल मिरचीसाठी प्रसिद्ध. तेथे दिवसभर हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या एखाद्या मुनिमाची कल्पना करावी. डोळे चुरचुरणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. अक्षर पुसट दिसू लागले की तो प्रथम मिरचीच्या खकाण्याला दोष देतो, मग चष्म्याच्या नंबराला. आपल्याला दहा-बारा वर्षांपासून ‘शुगर’ आहे, याचा डोळ्यांशी काही मेळ असेल असे त्याला वाटत नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावरील, म्हणजेच दृष्टिपटलावरील, अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांना आधी बारीक फुगे येतात. ते फुटले की रक्ताचे ठिपके पडतात. रक्तातील स्निग्ध द्रव्य झिरपून पिवळसर कण साचतात. आणि जेथे रक्तपुरवठा खुंटतो तेथे कापसाच्या बोळ्यासारखे फिकट डाग उमटतात. वाचनाची सारी भिस्त ज्या पीतबिंदूवर असते त्याला सूज आली, म्हणजे अक्षर हातचे जाऊ लागते. या रोगाचे दुष्टपण असे की, तो दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी गळत नाही. रुग्णाला तो जाणवतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. वेळीच ध्यानी आला तर लेसरने, इंजेक्शनांनी आणि रक्तातील साखर काबूत ठेवून त्याला थोपवता येते. मात्र एकदा गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक मधुमेही माणसाच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासावा, असे वैद्यकशास्त्र सांगते.

सांगणे सोपे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय नेत्रपाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर या रोगाच्या खुणा आढळल्या. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांचे वर्षाला एकेकच छायाचित्र काढायचे म्हटले तरी वीस कोटी छायाचित्रे होतात. ती पाहायची कोणी? दृष्टिपटलाचे तज्ज्ञ देशात मोजके, आणि तेही मोठ्या शहरांत. पहिली चाळणी यंत्राने लावावी आणि ज्याच्या पडद्यावर खुणा दिसतील त्यालाच तज्ज्ञाकडे धाडावे, हा विचार यातूनच जगभर पुढे आला.

यंत्राला पाहायला शिकवण्याची रीत शाळेतल्या रीतीहून फारशी निराळी नाही. त्याच्यापुढे पुष्कळ सोडवलेली उदाहरणे ठेवावी लागतात: हे छायाचित्र निरोगी डोळ्याचे, हे रोगाच्या पहिल्या पायरीचे, हे चौथ्या पायरीचे, हा ठिपका रक्ताचा, हा केवळ रक्तवाहिनीचा फाटा. उदाहरणे चुकीची किंवा अपुरी असतील, तर विद्यार्थ्यासारखेच यंत्रही चुकीचे शिकते. येथे अडचण अशी होती की, सर्वांना खुली असलेली जी छायाचित्रे जगभरचे संशोधक वापरत होते ती बहुतेक परदेशी डोळ्यांची. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला संग्रह अवघ्या ४० छायाचित्रांचा. फिनलंडचा ८९ छायाचित्रांचा. फ्रान्समधला १२०० छायाचित्रांचा, पण त्यात रोगाची पायरी तेवढी नोंदलेली, डाग नेमका कोठे आहे ते दाखवलेले नाही. त्यातून भारतीय डोळ्याच्या पडद्याचा रंग गोऱ्या माणसाच्या पडद्याहून गडद असतो. एका देशाच्या डोळ्यांवर शिकलेले यंत्र दुसऱ्या देशातील डोळे बिनचूक वाचील, याची खात्री देता येत नाही.

ही उणीव विष्णुपुरीने ओळखली. १९८१ मध्ये राज्य शासनाने स्थापिलेली ही संस्था. तोपर्यंत अभियांत्रिकीचे शासकीय शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मराठवाड्यातील मुलाला १९६० साली सुरू झालेले औरंगाबादचे महाविद्यालय तेवढे होते; नाहीतर हैदराबाद किंवा पुणे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचे आकडे मांडले, तेव्हा नांदेडची ही संस्था बाल्यावस्थेत होती. पुढे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ याच विष्णुपुरी परिसरात उभे राहिले, २००४ मध्ये संस्थेला स्वायत्तता मिळाली, आणि तंत्रशिक्षणाच्या गुणवत्तावाढीसाठी केंद्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने चालवलेल्या योजनेतून तेथे संकेत व प्रतिमा संस्करणाचे विशेष केंद्र आले. या केंद्राशी निगडित असलेले प्राध्यापक मनेश कोकरे यांचे आरंभीचे संशोधन प्रतिमांतील पोत गणिताने कसा ओळखावा, या विषयावरचे. त्यातील एक निबंध २००५ साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या नियतकालिकात आला होता. ज्या संस्थेत वस्त्रतंत्रही शिकवले जाते तेथे कापडाच्या पोतापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंतचे अंतर फार वाटू नये. पोत पाहण्याची दृष्टी दोन्हीकडे लागते.

प्रसन्न पोरवाल, समीक्षा पाचडे आणि रवी कांबळे हे संशोधक विद्यार्थी, प्राध्यापक कोकरे, नांदेडचे दोन नेत्रतज्ज्ञ गिरीश देशमुख व विवेक सहस्रबुद्धे, आणि फ्रेंच संशोधक फाब्रिस मेरियोदो अशा सात जणांच्या नावाने २०१८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात कोणतेही नवे यंत्र नव्हते, कसला सिद्धांतही नव्हता. नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात नित्याच्या तपासणीत जी हजारो छायाचित्रे काढली गेली होती, त्यांतून निवडलेल्या ५१६ छायाचित्रांचा तो संग्रह होता. भारतीय लोकांचे प्रतिनिधित्व करणारा अशा प्रकारचा हा पहिलाच संग्रह, असे कर्त्यांनी त्याचे वर्णन केले आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून जगात तो ‘इड्रिड’ या नावाने ओळखला जातो.

हे काम वरवर पाहता कारकुनी वाटेल. फाइलींतून कागद निवडावेत तशी छायाचित्रे निवडली, त्यात संशोधन कोणते, असे कोणी विचारू शकेल. कारकुनीची थट्टा करणाऱ्यांनी कधी मन लावून खतावणी लिहिलेली नसते, हा भाग वेगळा. येथे काय करावे लागले ते पाहावे. प्रत्येक छायाचित्र ४२८८ बाय २८४८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एक कोटी बावीस लाख बिंदूंचे. पाचशे सोळाही छायाचित्रांना रोगाची पायरी द्यायची, शून्यापासून चारपर्यंत. पीतबिंदूच्या सुजेचा धोका आणखी तीन पायऱ्यांत मांडायचा. दृष्टिचकतीचा आणि पीतबिंदूचा मध्य कोठे आहे ते नोंदायचे. त्यांपैकी ८१ छायाचित्रांत तर प्रत्येक फुगा, प्रत्येक रक्ताचा ठिपका, प्रत्येक पिवळा कण, त्याच्या कडेच्या बिंदूपर्यंत निराळा रंगवून दाखवायचा. कापसासारखे डाग त्या ८१ पैकी ४० छायाचित्रांतच होते. पण नाहीत हे सांगण्यासाठीसुद्धा प्रत्येक छायाचित्र तितक्याच बारकाईने पाहावे लागते. सूक्ष्म फुगा काही बिंदूंएवढाच असतो. रक्तवाहिनीचा तुटक फाटा त्याच्यासारखाच दिसतो. ज्याने इयत्ता दहावीच्या पाचशे उत्तरपत्रिका एकसारख्या मापाने तपासल्या आहेत, त्या शिक्षकाला यातील कष्ट निराळे समजावून सांगायला नकोत. पहिल्या उत्तरपत्रिकेला लावलेले माप चारशेव्या उत्तरपत्रिकेपर्यंत टिकवणे, हीच त्यातली अवघड गोष्ट.

शिक्षकांना ओळखीची वाटेल अशी आणखी एक गोष्ट या कामात आहे. ५१६ पैकी ४१३ छायाचित्रे उत्तरांसह सर्वांना अभ्यासासाठी दिली गेली आणि १०३ परीक्षेसाठी राखून ठेवली गेली. रंगवलेल्या ८१ पैकी ५४ अभ्यासाची, २७ परीक्षेची. मग जगातील संशोधकांना आव्हान दिले गेले: तुमचे यंत्र या छायाचित्रांवर शिकवा आणि न पाहिलेल्या छायाचित्रांवर त्याची परीक्षा द्या. जैववैद्यकीय प्रतिमाशास्त्राचे आंतरराष्ट्रीय संमेलन एप्रिल २०१८ मध्ये वॉशिंग्टन येथे भरले, त्यात ही स्पर्धा झाली. तिच्यासाठी ४९५ नोंदण्या झाल्या आणि १४८ उत्तरे आली. चीन, कोरिया, अमेरिका येथील संघ त्यांत होते. मोठमोठ्या कंपन्यांचे संशोधकही होते. स्पर्धेचा साद्यंत वृत्तान्त २०२० मध्ये वैद्यकीय प्रतिमाशास्त्रातील एका अग्रगण्य नियतकालिकात आला. मराठवाड्यातील मुले परक्यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिका सोडवण्यात पिढ्यान्‌पिढ्या खपली आहेत. या वेळी प्रश्नपत्रिका नांदेडने काढली होती आणि ती जगाने सोडवली.

त्याच एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक निर्णय दिला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. डॉक्टरने छायाचित्र न पाहता मधुमेही डोळ्याविषयी स्वतः निर्णय देणाऱ्या यंत्रणेला तेथे प्रथमच मान्यता मिळाली. त्याआधी २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी असेच यंत्र घडवले होते, आणि त्यासाठी मदुराईच्या अरविंद, चेन्नईच्या शंकर नेत्रालय व बंगळूरच्या नारायण नेत्रालय या रुग्णालयांतील छायाचित्रेही वापरली होती. त्यांच्यापाशी लाखाहून अधिक छायाचित्रे होती. विष्णुपुरीचा ५१६ चा आकडा त्यापुढे क्षुल्लक दिसतो, हे कबूल केले पाहिजे. पण कंपनीचे भांडार कंपनीपाशी राहते. विष्णुपुरीने आपली शिदोरी उघडून ठेवली. श्रेय नोंदवावे एवढ्या अटीवर ती कोणीही घ्यावी. शेकडो शोधनिबंधांत या छायाचित्रांचा आधार घेतला गेला आहे. ज्याच्यापाशी रुग्णालय नाही, पैसा नाही, केवळ एक संगणक आणि जिज्ञासा आहे, अशा दूरच्या विद्यार्थ्यालाही नांदेडच्या डोळ्यांवर अभ्यास करता आला.

अभियांत्रिकी संस्थांचे यश मोजण्याची आपली मापे ठरून गेली आहेत. कोणत्या विद्यार्थ्याला किती लाखांची नोकरी लागली, याचे आकडे दर वर्षी ठळक छापून येतात. कोणत्या संस्थेचा राष्ट्रीय क्रमवारीत कितवा नंबर, यावर पालक प्रवेशअर्जातील पसंतीक्रम ठरवतात. यात पालकांना दोष देता येणार नाही. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडच्या शेतकऱ्याने मुलाला अभियंता करताना नोकरीचा विचार करायचा नाही, तर कशाचा करायचा? परंतु नोकरीच्या आकड्यांत ५१६ छायाचित्रांचे काम कोठेच मावत नाही. ते करणाऱ्या विद्यार्थ्यांनी महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या डोळ्यांतील ठिपके मोजले. त्यासाठी त्यांना बंगळूरला जावे लागले नाही की बोस्टनला. लागणारे सगळे नांदेडमध्येच होते: एक मेहनती डॉक्टर, एक कॅमेरा, एक संगणकशाळा, आणि दुर्दैवाने, रुग्ण.

हे काम तेथेच थांबले नाही, ही समाधानाची बाब. मधुमेहाव्यतिरिक्त डोळ्याच्या पडद्याचे इतर अनेक विकार असतात आणि एकाच रोगावर शिकलेले यंत्र त्यांच्याकडे डोळेझाक करते, हे ध्यानी घेऊन याच गटाने २०२१ मध्ये दुसरा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या लेखिका समीक्षा पाचडे. त्यात २००९ ते २०२० या काळातील तपासण्यांमधून निवडलेली ३२०० छायाचित्रे आहेत, तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेली, आणि ४६ प्रकारच्या विकारांची नोंद त्यांत दोन ज्येष्ठ तज्ज्ञांच्या सहमतीने केलेली आहे. पहिला संग्रह एकाच कॅमेऱ्याचा होता. ती मर्यादा दुसऱ्यात कमी झाली. यावरही जागतिक स्पर्धा झाली. विद्यार्थी बदलतात, पदव्या घेऊन निघून जातात. तरीही काम पुढच्या पिढीच्या हाती सोपवले जाते, हे आपल्या विद्यापीठीय जीवनात क्वचितच दिसते. बहुतेक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

मग प्रश्न उरतो तो मोंढ्यातील मुनिमाचा. छायाचित्रे जगाला मिळाली, यंत्रे शिकली, निबंध झाले. धर्माबादला काय मिळाले? हा प्रश्न संस्थेवर ठपका ठेवण्यासाठी नाही. रोग ओळखणारा कार्यक्रम संगणकात तयार असणे आणि तो तालुक्याच्या रुग्णालयात उपयोगी पडणे, यांत मोठे अंतर असते. थायलंडचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. गूगलने आपले यंत्र तेथील ११ सरकारी दवाखान्यांत नेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत असे दिसले की, परिचारिकांनी काढलेल्या १८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के यंत्राने नाकारली, कारण ती पुरेशी स्पष्ट नव्हती. कोठे खोलीत अंधार नीट होत नव्हता, कोठे इंटरनेट रखडत होते. ज्यांची छायाचित्रे नाकारली गेली त्यांना दूरच्या मोठ्या रुग्णालयात जाण्यास सांगावे लागले. प्रयोगशाळेत शेकडा नव्वदांवर गुण मिळवणारे यंत्र दवाखान्याच्या एका खिडकीपाशी अडले, ते असे.

धर्माबादच्या बाबतीत खिडकीच्या आधीचाच अडसर आहे. डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र काढणारा कॅमेरा ही तालुक्याच्या ठिकाणी अजून दुर्मीळ वस्तू. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यही होते. मोतीबिंदूचे शिबिर भरवता येते, शस्त्रक्रियांचा आकडा सांगता येतो, पट्टी सोडताच रुग्ण हसतो. मधुमेही डोळ्याच्या बाबतीत यातले काहीच नाही. तेथे दर वर्षी त्याच माणसाला पुन्हा बोलवावे लागते आणि ‘काही नाही, पुढल्या वर्षी या’ एवढेच सांगून परत पाठवावे लागते. शिबिराच्या सवयीने चालणाऱ्या व्यवस्थेला हे जमत नाही.

असे जमू शकते, याचा दाखला धर्माबादपासून फार लांब नाही. बासरच्या पुढे तेलंगणात मुधोळ लागते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९० च्या दशकात तेथे ग्रामीण नेत्रकेंद्र उभारले. या संस्थेची रचना उतरंडीची आहे. सुमारे पन्नास हजार वस्तीमागे एक लहान दृष्टिकेंद्र, तेथे त्याच भागातील प्रशिक्षित तरुण तंत्रज्ञ. त्याच्यावर मुधोळसारखे शस्त्रक्रियेची सोय असलेले केंद्र. त्याच्यावर शहरातील तज्ज्ञ रुग्णालय. तेथे गावच्या माणसाला प्रथम गावचाच माणूस तपासतो. नांदेड जिल्ह्याजवळ अशा रचनेसाठी लागणारे भाग सुटे सुटे, पण एकाच ठिकाणी पडलेले आहेत. विष्णुपुरीत अभियांत्रिकी संस्था आहे, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठही आहे. तिन्ही शासनाच्या पैशावर चालतात, आणि एकाच्या फाटकातून निघालेला माणूस थोड्याच वेळात दुसऱ्याच्या फाटकाशी पोचतो. ५१६ छायाचित्रांच्या कामात अभियंते आणि डॉक्टर एकत्र आले ते व्यक्तिगत आस्थेने. त्या सहकार्याला शासकीय आदेशाचे, पदाचे आणि अंदाजपत्रकातील एका ओळीचे पाठबळ मिळाले, तर धर्माबादच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांची छायाचित्रे काढणे अशक्य कोटीतले नाही. कॅमेरा चालवायला डॉक्टर लागत नाही. बारावी झालेल्या स्थानिक मुलीला काही महिन्यांत ते काम शिकवता येते. छायाचित्र अस्पष्ट आले तर ते पुन्हा काढण्याची सूचना जागच्या जागी देणारा कार्यक्रम विष्णुपुरीच्या पदवी वर्गातील विद्यार्थी प्रकल्प म्हणून लिहू शकतात. असल्या प्रकल्पांसाठी विषय मिळत नाही, ही ओरड तर दर वर्षीचीच.

आक्षेप येतील. यंत्र चुकले तर जबाबदार कोण, हा त्यांतला खरा आक्षेप, आणि त्याचे उत्तर यंत्राच्या निकालावर डॉक्टरची सही घेणे हेच तूर्त आहे. रुग्णांच्या खाजगीपणाचा प्रश्नही खरा. विष्णुपुरीच्या संग्रहांत छायाचित्रांवरून नावगाव काढून टाकलेले आहे, हे त्या दृष्टीने उचित झाले. पैसा नाही, हा तिसरा आक्षेप मात्र सहजासहजी मान्य करता येण्यासारखा नाही. एका कमावत्या माणसाची दृष्टी गेल्याने जे घर बसते त्याचा हिशेब कोणत्याच खतावणीत लिहिला जात नाही, म्हणूनच हा आक्षेप टिकून राहतो.

नावगाव काढून टाकल्यामुळे त्या ५१६ डोळ्यांपैकी धर्माबादचे किती, उमरीचे किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. परदेशातील एखाद्या प्रयोगशाळेत पडद्यावर एक मोठे केशरी वर्तुळ उमटते, त्यातील रक्ताचा बारीक ठिपका यंत्र बिनचूक टिपते. तो ठिपका ज्याच्या डोळ्यात होता त्या माणसाला पुढल्या तपासणीसाठी पुन्हा नांदेडची गाडी पकडावी लागते. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातलेले असतात. दुपारच्या उन्हात काही दिसत नाही म्हणून तो कोणाचा तरी हात धरून स्टेशनवर येतो आणि धर्माबादकडे जाणारी गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे, हे शेजाऱ्याला विचारून घेतो.